पट्टीशेजारची पट्टी

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आला की लसीकरण, बाळाचे वरचे अन्न किंवा परीक्षेचा ताण यांपैकी एखादा विषय घेऊन मी दोन पाने लिहून देते आणि मोकळी होते. यंदा संपादकांनी फोनवर आधीच बजावले, "ताई, ते सगळे छापून झाले आहे. या वेळी तुमच्या स्वतःच्या कामातले काही लिहा." त्यांच्या या आग्रहामुळेच पुढील मजकूर लिहिण्याचे धाडस करीत आहे. मंडळाचे सभासद वैद्यकीय व्यवसायातले असले तरी स्मरणिका घरोघरी वाचली जाते. तेव्हा डॉक्टरमंडळींना ठाऊक असलेले काही पुन्हा सांगावे लागेल, ते त्यांनी गोड मानून घ्यावे.

इंदूरच्या पश्चिमेला धार, झाबुआ, अलीराजपूर आणि दक्षिणेला खरगोन, बडवानी हा सारा पट्टा भिल्ल, भिलाला, बारेला समाजांचा. या भागात बालरोगाचे शिक्षण घेणाऱ्याची सिकलसेलशी गाठ पडते ती पुस्तकात नव्हे, वॉर्डातच. हातापायांच्या सुजलेल्या बोटांनी कण्हणारे वर्षाचे मूल एकदा पाहिले की तो आजार विसरता येत नाही. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निराळे वागते, आणि वैद्यकशास्त्राला 'रेणूचा आजार' ही कल्पना मिळाली. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी त्याचे कारण शोधले. बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले असते. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो, व्हॅलिनवर नसतो. एवढाच फरक.

पण या फरकामुळे 'एस' हिमोग्लोबिनचा समविद्युत बिंदू आपल्या नेहमीच्या 'ए' हिमोग्लोबिनपेक्षा सुमारे ०.२ ने वर सरकतो. प्रत्येक प्रथिनावर धन आणि ऋण असे दोन्ही भार असतात. भोवतालचा सामू, म्हणजे आपला पीएच, बदलला की त्यांचा तोल बदलतो. ज्या सामूला दोन्ही भार बरोबरीचे होऊन प्रथिन निर्भार होते, तो त्याचा समविद्युत बिंदू. एका टोकाला आम्ल, दुसऱ्या टोकाला अल्कली आणि मध्ये सामूचा सलग उतार असा थर तयार करून त्यातून वीज सोडली, की प्रत्येक प्रथिन सरकत सरकत आपापल्या बिंदूपाशी येऊन थांबते. तिथून चुकून पुढे गेले तर उलट भार येऊन मागे ढकलले जाते, मागे पडले तर पुढे. म्हणूनच या पद्धतीत पट्ट्या पसरत नाहीत, उलट आकसत जातात. हेच आयसोइलेक्ट्रिक फोकसिंग. १९६१ च्या सुमारास स्वीडनच्या हॅरी स्वेन्सन यांनी याचे गणित मांडले. मात्र असा स्थिर उतार देणारी रसायने त्यांच्यापाशी नव्हती. ती ओलोफ व्हेस्टरबर्ग यांनी बनवली. बहुअमाइने आणि ॲक्रिलिक आम्ल यांच्या संयोगातून त्यांनी शेकडो निरनिराळ्या समविद्युत बिंदूंच्या लहान रेणूंचे मिश्रण मिळवले. त्यांना आपण अॅम्फोलाइट म्हणतो.

माझा एम.डी.चा प्रबंध नवजात बाळांतील सिकलसेल या विषयावर होता. साल १९९७. जन्मतः बाळाच्या रक्तात बहुतांश 'एफ', म्हणजे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन असते. त्यामुळे आजार असूनही पहिले चार-सहा महिने बाळ ठणठणीत दिसते आणि सोल्युबिलिटीची सोपी चाचणीही फसवते. याच काळात निदान हवे असते, कारण पुढे लगेच न्यूमोकोकसचा जंतुसंसर्ग किंवा प्लीहेत अचानक रक्त साचणे यांमुळे बाळ काही तासांत हाताबाहेर जाऊ शकते. रोज दोन वेळा तोंडाने पेनिसिलिन दिल्यास हा संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतो, हे १९८६ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले होते. जमैकात तर आयांना पोटावरून प्लीहा चाचपायला शिकवूनच कितीतरी मुले वाचवली गेली. तेव्हा टाचेला टोचून चार थेंब रक्त गाळणकागदावर घ्यायचे, वाळवायचे, आणि फोकसिंगच्या जेलवर ए, एफ, एस या पट्ट्या वाचायच्या, असा माझा क्रम होता. ए आणि एस दोन्ही दिसल्या तर बाळ 'वाहक', काळजीचे कारण नाही. ए नाही, फक्त एफ आणि एस, तर आजार.

अशी काहीशे बाळे मी वाचली. अहवाल दिले. त्यांत बरेच वाहक होते, आजारी थोडे.

अडचण उद्भवली ती 'नियंत्रण' नमुन्यांची. प्रत्येक जेलवर ज्याची ओळख पक्की आहे असा शुद्ध ए, शुद्ध एफ आणि शुद्ध एस शेजारी चालवावा लागतो. तयार नमुने परदेशातून येत आणि त्यांची किंमत आमच्या विभागाच्या आवाक्यातली नव्हती. आमच्या सरांनी सांगितले, "मग शुद्ध करून घे. ज्या पद्धतीने वाचतेस त्याच पद्धतीने शुद्ध कर, म्हणजे पद्धत अंगी मुरेल." आयन-विनिमयाच्या स्तंभाने हे काम कितीतरी सोपे झाले असते, हे मला आज कळते. सरांना ते तेव्हाही ठाऊक असावे.

विश्लेषणासाठी जेल चालवणे आणि शुद्धीकरणासाठी चालवणे यांत रांगोळी काढणे आणि तीच रांगोळी रंगागणिक उचलून डब्यांत भरणे इतका फरक आहे. जीवरसायन विभागात एक जुना, काचेचा, उभा स्तंभ होता. एकशे दहा मिलिलिटरचा. त्यात साखरेच्या पाकाचे घट्टपासून पातळापर्यंत थर भरायचे, त्यात अॅम्फोलाइट आणि हिमोग्लोबिन, भोवती थंड पाण्याचे आवरण, आणि दोन-तीन दिवस वीज. पहिल्याच वेळी स्तंभ तापला. कारण साधे होते. लाल पेशी मी मिठाच्या पाण्याने धुतल्या होत्या आणि ते मीठ पुरते काढले नव्हते. मीठ असले की सारी वीज त्याच्याच आयनांना वाहून नेण्यात खर्ची पडते, उष्णता वाढते आणि प्रथिन जागचे हलत नाही. तेव्हापासून रात्रभर डायलिसिस केल्याशिवाय मी नमुना लावला नाही.

दुसरी अडचण विजेची. त्या वर्षांतला विजेचा लपंडाव इंदूरकर विसरलेले नाहीत. दोन दिवसांच्या मेहनतीने रेशमाच्या धाग्यासारख्या उमटलेल्या रेषा वीज जाताच सैल पडू लागत. वीज आल्यावर त्या पुन्हा आकसतात हे खरे, पण तोवर थंड पाण्याचा पंपही बंद असतो, आणि हिमोग्लोबिन उबेला आले की त्यातले लोह ऑक्सिडीकृत होऊन ते तपकिरी पडते. तपकिरी हिमोग्लोबिनचा समविद्युत बिंदू वेगळा. म्हणजे एका पट्टीच्या दोन होतात आणि कोणती खरी हे कळेनासे होते. एवढे सगळे साधले तरी शेवटी स्तंभाचा खालचा नळ उघडून थेंबाथेंबाने द्रव काढताना शेजारच्या रेषा एकमेकींत मिसळत. तीन आठवड्यांनी मी तो स्तंभ धुऊन कपाटात ठेवला.

मग सेफाडेक्सच्या बारीक कणांचा आडवा थर वापरला. त्यात पट्टी दिसली की चमच्याने खरवडून घेता येते. आम्हा हिमोग्लोबिनवाल्यांचे भाग्य असे की आमचे प्रथिन मुळातच लाल आहे. इतरांना आपले प्रथिन कुठे थांबले हे शोधण्यासाठी थराचे तीस तुकडे करून प्रत्येक तपासावा लागतो. तरी लोभ नडला. जास्त माल मिळावा म्हणून जास्त नमुना लावला, तर पट्टी जाड होऊन शेजारच्या पट्टीवर चढली. या पद्धतीतली खरी मेख इथेच आहे. प्रथिन ज्या ठिकाणी येऊन थांबते तिथे त्यावर निव्वळ भार उरत नाही. म्हणजे रेणूंनी एकमेकांना दूर ठेवण्याचे बळच नाहीसे होते, आणि नेमक्या त्याच जागी आपण त्याची सर्वाधिक गर्दी करतो. कित्येक प्रथिने तिथे साका होऊन बसतात. हिमोग्लोबिन त्या मानाने सोशिक, पण त्यालाही मर्यादा आहे. थोडे थोडे, पुष्कळ वेळा, हाच मार्ग. वेळही बेताचाच द्यावा लागे, कारण फार वेळ चालवले तर सगळा उतारच हळूहळू ऋणाग्राकडे सरकू लागतो.

एफ हिमोग्लोबिन मिळवायचे तर नाळेचे रक्त सहज मिळते. पण त्यात एही असतो आणि ए व एफ यांचे बिंदू अगदी जवळजवळ. म्हणून मी ज्यात ए मुळीच नाही असे रक्त शोधले. इंदूरमध्ये सिंधी समाजाची वस्ती मोठी आहे आणि थॅलेसेमियाचे दुःख त्या समाजाने फार सोसले आहे. थॅलेसेमिया मेजरच्या एका बाळाला पहिले रक्त चढवण्यापूर्वी घेतलेल्या नमुन्यातले उरलेले रक्त, आईवडिलांच्या परवानगीने, मला मिळाले. त्या बाळाची बीटा साखळी अजिबात बनत नसावी, असा तपासण्यांवरून आमचा कयास होता. म्हणजे ए शून्य, जवळजवळ सगळा एफ.

जेल चालवली. एफची पट्टी ठसठशीत आली. आणि ए जिथे असायला हवा तिथे एक फिकट, सुबक, लाल रेषा.

मी ती अशुद्धी मानली. नळ्या बदलल्या, पुन्हा चालवले, रेषा हजर. बाळाची बीटा साखळी थोडीफार बनत असेल, असे मानून पाहिले. नमुना जुना झाला असेल, असेही मानले. सरांना दाखवले तेव्हा ते बराच वेळ दिव्यासमोर जेल धरून बसले. मग म्हणाले, "दोन्ही रेषा वेगवेगळ्या कापून पुन्हा चालव. एकीतून दोन झाल्या तर तो पद्धतीचा दोष. ज्या त्या जागी राहिल्या तर तो निसर्ग."

ज्या त्या जागी राहिल्या.

आता प्रश्न एवढाच उरला की ही फिकट रेषा ए आहे की आणखी काही. याचे उत्तर आपल्या सर्व बालरोगतज्ज्ञांना ठाऊक असलेल्या एका साध्या परीक्षेत होते, ते मला रात्री जेवताना सुचले. नवजात बाळाच्या उलटीतले रक्त बाळाचे की आईचे हे ओळखण्यासाठी आपण ॲप्टची परीक्षा करतो. सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यावर ए पिवळसर तपकिरी पडतो, एफ गुलाबी राहतो. ती फिकट रेषा पुरेशी जमवून तिच्यावर अल्कली घातली की झाले.

लिहायला दोन ओळी लागल्या, करायला दोन महिने. रेषेत माल इतका थोडा की पुरेसा जमवण्यासाठी सोळा वेळा थर चालवावा लागला. तोवर जमलेला भाग तपकिरी पडू द्यायचा नव्हता, कारण मुळातच तपकिरी असलेल्या द्रवात गुलाबी राहिले की नाही हे कसे ठरवणार? कार्बन मोनॉक्साइड सोडून रंग टिकवता आला असता. पण त्या वायूने भारलेले रक्त अल्कलीतही काही काळ गुलाबीच राहते, हे एम.बी.बी.एस.ला न्यायवैद्यकात शिकले होते. तेव्हा बर्फ आणि घाई, एवढीच साधने. शिवाय अॅम्फोलाइट. प्रथिनाबरोबर तेही खरवडले जातात आणि सामू धरून ठेवणे हा त्यांचा स्वभावच असल्याने अल्कलीचा जोर तेच खातात. माझा पहिला प्रयत्न त्यांनीच वाया घालवला. डायलिसिसने ते लवकर सुटत नाहीत, म्हणून सेफाडेक्स जी-५० च्या छोट्या स्तंभातून द्रव गाळून घेतला. त्यात माल आणखी पातळ झाला. तो पुन्हा घट्ट करा.

एका संध्याकाळी पांढऱ्या चिनी मातीच्या ताटलीत दोन थेंब ठेवले. डावीकडे माझ्या स्वतःच्या रक्तातला ए, उजवीकडे ती फिकट रेषा. दोन्हींत अल्कली. डावा थेंब मिनिटाभरात पिवळट झाला. उजवा गुलाबीच राहिला.

म्हणजे ती रेषा एच नव्हती. ती एफचीच सोबतीण होती. एफच्या काही रेणूंत गॅमा साखळीच्या टोकाला ॲसिटिल गट चिकटलेला असतो. त्यामुळे एक धन भार कमी होतो आणि समविद्युत बिंदू खाली उतरून ए च्या जागेला जवळजवळ भिडतो. प्रमाण एफच्या साधारण दहाव्या भागाइतके. हे १९६० च्या दशकातच प्रसिद्ध झालेले होते. ग्रंथालयातल्या जुन्या अंकांत पुढे सापडलेही. आधी वाचले असते तर दोन महिने वाचले असते, असे मी सरांना म्हणाले. त्यांनी काही उत्तर दिले नाही. ते माझ्या नोंदवहीची पाने उलटत होते. त्यांना जे आधी दिसले ते मला तेव्हा दिसले.

ए ची फिकट रेषा आहे म्हणून मी किती बाळांना 'वाहक' म्हटले होते?

खऱ्या वाहक बाळात ए ची पट्टी एस पेक्षा गडद असते. हा नियम मी वाचला होता, वापरला नव्हता. रेषा आहे की नाही एवढेच मी पाहिले होते. त्या रात्री सगळ्या वाळवलेल्या जेल काढून पुन्हा वाचल्या. तीन बाळांत ए ची म्हणून धरलेली रेषा एसपेक्षा फिकट होती. बीटा-ॲलनिन घालून उतार मंद केलेल्या जेलवर, जिथे त्या दोन रेषा सुट्या होतात, ते नमुने पुन्हा चालवले. तिघांतही ए नव्हता. तिघांच्या घरी मी लेखी कळवले होते की काळजीचे कारण नाही.

कागदावर वडिलांचे नाव, गाव आणि फलिया एवढाच पत्ता. आरोग्य खात्याच्या जीपमधून, एका परिचारिका ताईंना बरोबर घेऊन मी गेले. पहिले कुटुंब मजुरीसाठी गुजरातेत गेले होते. नंतरही दोनदा विचारणा केली, ते मला सापडले नाही. दुसऱ्या घरी बाळ नव्हते. पाचव्या महिन्यात एका रात्री ताप आला आणि सकाळी संपले, असे आजीने सांगितले. ते सिकलसेलमुळेच गेले असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. नव्हतेच असेही म्हणू शकत नाही. मी चुकले होते, हे मी त्यांना सांगितले. परिचारिका ताईंनी त्यांच्या बोलीत ते पुन्हा सांगितले. आजीने मला पाणी दिले.

तिसरे बाळ सात महिन्यांचे होते, अंगणात शेळीच्या दोरीशी खेळत होते. त्याच दिवशी पेनिसिलिन सुरू केले. आईचा हात धरून त्याच्या डाव्या बरगडीखाली ठेवला आणि प्लीहा कुठे लागते ते दाखवले.

प्रबंधात मी हा सगळा भाग 'पद्धतीच्या मर्यादा' या शीर्षकाखाली दीड पानात लिहिला. परीक्षकांनी त्यावर एकही प्रश्न विचारला नाही.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट ठरले. एचपीएलसीची यंत्रे आली, थेंबभर रक्तावर जागच्या जागी उत्तर देणाऱ्या पट्ट्या आल्या. फोकसिंगची जेल हाताने ओतणारे आता फारसे उरले नाहीत आणि त्याचे मला दुःख नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या निवासी डॉक्टरांना मी अजूनही विचारते की यंत्राने 'ए' म्हटले ते कशावरून, किती टक्के, आणि एसच्या मानाने किती. एका पद्धतीचा निष्कर्ष दुसऱ्या तत्त्वावर चालणाऱ्या पद्धतीने पडताळल्याशिवाय नवजात बाळाच्या अहवालावर सही करू नये, असेही सांगते. ते मान डोलावतात. माझ्या वयाच्या डॉक्टरांना असे हट्ट असतातच, असे त्यांना वाटत असावे.

ते तिसरे बाळ आता मोठा गृहस्थ आहे. हायड्रॉक्सियुरिया घेतो, वर्षातून एखाद्या वेळी दुखण्याने आडवा पडतो, एरवी स्वतःचे दुकान सांभाळतो. लग्नाआधी त्याने होणाऱ्या बायकोची तपासणी करून घेतली होती, ती सामान्य निघाली. गेल्या पावसाळ्यात तो आपल्या दहा दिवसांच्या मुलीला घेऊन आला. आईकडून ए आणि बापाकडून एस, म्हणजे ती वाहकच असणार हे उघड होते. तरी मी दोन्ही पद्धतींचे अहवाल मागवले आणि ए चा आकडा एसपेक्षा मोठा आहे हे पाहून मगच सही केली. तो समोर बसून पाहत होता. म्हणाला, "मॅडम, एवढा वेळ का लागतो?"